लोखंड वगळून

२०२४ च्या मे महिन्यात मी चार दिवसांची सुट्टी टाकून पुण्याहून वेळणेश्वरला गेलो, तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर मी घरी बनवलेला मेटल डिटेक्टर आडवा ठेवला होता. पीव्हीसीचा पाईप, त्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी कॉइल, वर एक प्लास्टिकचा डबा आणि त्यात सर्किट. कुंभार्ली घाटात चहाला थांबलो तर टपरीवाल्याने विचारलं, "हे काय, गवत कापायचं मशीन का?" मी हो म्हणालो. खरं सांगायला लागलो असतो तर वीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागली असती.

ती इथे करतो.

२००४ च्या गणपतीत आमच्या घरी आजीच्या पाटल्यांच्या जोडीतली एक पाटली हरवली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. मोदकांची उकड मळायला बसताना आजीने दोन्ही पाटल्या काढल्या, पदराच्या टोकात बांधल्या की न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवल्या हे तिला नंतर नीट आठवेना. संध्याकाळी आरतीच्या वेळी हातात एकच होती. घर माणसांनी भरलेलं. मुंबईचे काका-काकू, आत्या, त्यांची मुलं, आम्ही, आणि भांडी-केरवारे, न्हाणीची चूल हे सगळं बघणारी मावशी. मावशी म्हणजे नात्याची नाही. गावातल्याच वरच्या वाडीतली. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे येणारी. आम्ही मुलं तिला मावशी म्हणायचो.

रात्री जेवणं झाल्यावर काकूने आम्हा मुलांना ओटीवर बसवलं आणि विचारलं, "दुपारी मावशी माजघरात गेली होती का रे?" मी म्हणालो, "हो. गेली होती." ते खरं होतं. मी स्वतः बघितलं होतं. मला आठवतंय, बरोबर उत्तर दिल्याचा मला थोडा आनंदही झाला होता, वर्गात व्हायचा तसा.

पुढे काहीच झालं नाही. पोलीस नाहीत, भांडण नाही, कोणी आवाज चढवला नाही. गौरी-गणपती गेले आणि मावशीला परत कोणी बोलावलं नाही. "आता घरात माणसंच किती, आम्हीच करतो," असं आजीने तिला सांगितलं म्हणे. गावात अशा वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. आजी २०१६ साली गेली, तोवर उजव्या हातात ती उरलेली एक पाटली घालत होती.

मी इंजिनिअर झालो, पुण्यात नोकरीला लागलो. आमचं काम असं की दिवसभर लॉग बघायचे आणि कुठला अलर्ट खरा, कुठला खोटा हे ठरवायचं. लॉकडाऊनच्या काळात घरी बसून सोल्डरिंगचा नाद लागला आणि त्यातून कधीतरी हे डोक्यात आलं: ती पाटली चोरीला गेलीच नसेल तर? न्हाणीतल्या चुलीची राख पाटीत भरून आगरात माडांच्या आळ्यांत टाकायची आमच्याकडे पद्धत. कोनाड्यातून पाटली घरंगळून राखेच्या पाटीत पडली असेल, तर ती अजून कुठल्यातरी माडाच्या बुंध्याशी असणार. सोनं काही कुजत नाही.

आता यंत्राबद्दल थोडं. कंटाळा आला तर पुढे जा, पण मला जे सांगायचं आहे ते बरंचसं यातूनच कळलं.

माझा डिटेक्टर साध्या जुन्या पद्धतीचा. कॉइलच्या खोक्यात तांब्याच्या तारेच्या दोन वेटोळ्या असतात, दोन इंग्रजी डी अक्षरं पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर सरकवावीत तशा. एक बोलते, दुसरी ऐकते. बोलणारीतून सेकंदाला साधारण साडेचौदा हजार आवर्तनं करत दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. खाली धातू असला की त्यात छोटे भोवरे-प्रवाह तयार होतात आणि ते स्वतःचं बारीकसं क्षेत्र परत वर पाठवतात. ऐकणारी वेटोळी ते पकडते. दोघी एकमेकींवर अशा ठेवायच्या की बोलणारीचा थेट आवाज ऐकणारीला जवळपास शून्य यावा. नाहीतर शेजारी ढोल वाजत असताना कुजबूज ऐकण्यासारखं होतं.

बोलणारी किती वेगाने बोलेल हे ठरतं तिच्या इंडक्टन्सवर आणि तिला जोडलेल्या कपॅसिटरवर. माझी बोलणारी ६ मिलिहेन्रीची झाली. तिला २० नॅनोफॅरड जोडले की साडेचौदा किलोहर्ट्झ मिळतात. ऐकणारी ६.५ मिलिहेन्रीची. तिला पंधरा नॅनोफॅरड जोडले की ती सोळा किलोहर्ट्झच्या थोडं वर सूर धरते. इथे पहिला प्रश्न पडतो, मलाही पडला: दोघींचा सूर एकच का ठेवायचा नाही? बोलणारी साडेचौदावर बोलते तर ऐकणारीही नेमकी साडेचौदावर लावली की सगळ्यात मोठ्याने ऐकू येईल.

येतं. पण मग ती कशावरही ओरडते. सूर अगदी शिखरावर जुळवला की ऊन लागून तार जरा तापली, कपॅसिटर जरा सरकला, की आलेल्या लाटेची वेळ, म्हणजे फेज, एकदम बदलते. आणि लोखंड कुठलं, सोनं कुठलं हे ओळखायचं असतं त्या फेजवरूनच. म्हणून ऐकणारीला मुद्दाम शिखरापासून जरा बाजूला ठेवतात. आवाज थोडा कमी होतो, पण ऐकलेल्यावर भरवसा ठेवता येतो. मी ते न समजता आधी शिखरावरच लावलं होतं. बाल्कनीत सकाळी नऊला उत्तम चाललेलं यंत्र दुपारी एक वाजता नुसत्या हवेत सोनं सापडल्याचं सांगायला लागलं. त्यात मी स्वस्तातले सिरॅमिक कपॅसिटर वापरले होते, जे तापमानासोबत किंमत बदलतात. मग तपकीर गल्लीत जाऊन पॉलिप्रॉपिलीनचे आणले. त्यातला १५ नॅनोफॅरड लिहिलेला मीटरवर १४.३ भरला. फसवणूक नव्हे, पाच टक्के इकडेतिकडे चालेल असं त्याच्यावर छापलेलंच असतं. त्याच्या शेजारी ६८० पिकोफॅरडचा एक चिमुकला जोडला, म्हणजे बेरीज पंधराच्या जवळ आली. असं एकेक जोडत-काढत तीन रविवार गेले. कपॅसिटर समांतर जोडले की त्यांची बेरीज होते, त्यामुळे हे काम किराण्याच्या दुकानात तराजूत चिमूट-चिमूट साखर टाकण्यासारखं आहे. मला ते फार आवडलं. तीन रविवारांत मी पाटलीचा फारसा विचार केला नाही हेही खरं.

सूर जमला की राहतो डिस्क्रिमिनेटर. हा एक नॉब. तो फिरवून तुम्ही यंत्राला सांगता की कुठल्या फेजपर्यंतचं काहीच मला सांगू नकोस. आधी लोखंड गप्प होतं: खिळे, सळ्या, बिजागऱ्या. आणखी फिरवला की गोळ्यांच्या पाकिटाची अॅल्युमिनियमची चांदी गप्प होते, मग कॅनची चावी. अडचण अशी की बारीक अंगठी, तुटकी साखळी असलं सोनं आणि ही अॅल्युमिनियमची फॉइल यंत्राला बहुधा सारखीच दिसतात. कचरा नको म्हणून नॉब जास्त फिरवलात तर सोन्यावरूनही यंत्र मुकाट्याने पुढे जातं. ते खोटं बोलत नाही. तुम्ही नको म्हणालात ते सांगत नाही, एवढंच.

वेळणेश्वरला पहिल्या संध्याकाळी मी आधी समुद्रावर चाचणी घेतली. देवळाच्या बाजूने अर्धचंद्रासारखा किनारा आहे, संध्याकाळी पर्यटक बरेच असतात. कोरड्या वाळूत यंत्र नीट चाललं; दोन पाच रुपयांची नाणी, बाटल्यांची बुचं. ओल्या वाळूवर गेलो की गोंधळ, कारण खारं पाणी स्वतःच वीज वाहतं आणि यंत्राला ते मोठ्या पातळ धातूसारखं भासतं. बघ्यांची गर्दी झालीच. कॉलेजची दोन मुलं सर्किटचा फोटो काढून गेली. एका आजोबांनी विचारलं, "पायाळू आहेस काय रे तू?" पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला, अशा माणसाला गुप्तधन दिसतं अशी आपल्याकडे समजूत. मी म्हटलं, "नाही आजोबा, सिझेरियन." ते हसले, पण मग गंभीरपणे म्हणाले, सापडलं तर सरकारात सांगावं लागतं हो. त्यांचं बरोबर होतं. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून आहे आणि जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना शिक्षा देण्याची सोय २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करावी लागली, इतकं हे वेड आपल्याकडे ताजं आहे.

दुसऱ्या दिवशी आगरात उतरलो. आणि जमीनच बोलायला लागली.

कोकणातला जांभा लाल का, तर लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. हे शाळेत भूगोलात पाठ केलं होतं, पण कॉइल जमिनीवर फिरवताना कानातल्या हेडफोनमधून ते ऐकू येणं निराळं. यंत्र वर उचललं की एक आवाज, खाली नेलं की दुसरा. ग्राउंड बॅलन्सचा नॉब फिरवून फिरवून जमिनीला गप्प करावं लागतं, आणि चार माड पुढे गेलं, भराव बदलला, की पुन्हा पहिल्यापासून. लोखंड तर मी आधीच पूर्ण बंद केलं होतं. जुनं घर आहे, आगरात खिळ्यांना तोटा नाही. दोन दिवसांत एकवीस आळी झाली. सापडलं ते असं: पितळेच्या समईचा तुटका भाग, तांब्याची पळी, अॅल्युमिनियमच्या डब्याचं झाकण, पंचवीस पैशांची दोन नाणी, आणि गोळ्यांची असंख्य पाकिटं. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची असणार.

पाटली नाही.

त्या रात्री पडवीत बसून फोनवर मी ग्रॅहॅम बेलची गोष्ट पुन्हा वाचली. मेटल डिटेक्टरच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते. २ जुलै १८८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गोळी घालण्यात आली. गोळी शरीरात कुठे अडकली ते कळेना. क्ष-किरण सापडायला अजून चौदा वर्षं होती. टेलिफोनवाला बेल पुढे आला. ह्यूजेस नावाच्या संशोधकाच्या इंडक्शन बॅलन्सवरून त्याने यंत्र बनवलं, त्यात आवाज वाढावा म्हणून कंडेन्सर, म्हणजे आपला कपॅसिटरच, घातला. पहिल्या प्रयत्नात नुसती खरखर आली; घाईत कंडेन्सर चुकीचा जोडला गेला होता. हे वाचून मला नेहमी बरं वाटतं. दुसऱ्या वेळी जोडणी ठीक होती, पण एका भागात सगळीकडेच मंद आवाज येत राहिला. गादीखाली पोलादी तारांची जाळी होती हे नंतर कळलं.

पण गोष्टीतली मुख्य मेख निराळी आहे. उपचार करणारे डॉक्टर ब्लिस यांचं ठाम मत होतं की गोळी उजव्या बाजूला आहे. त्यांनी बेलला उजवीकडेच शोधू दिलं. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली.

ही गोष्ट मी आधी दहा वेळा वाचली असेल आणि दर वेळी ब्लिसला नावं ठेवली असतील. त्या रात्री पहिल्यांदा मला ओटीवर बसवून विचारलेला प्रश्न आठवला. "दुपारी मावशी माजघरात गेली होती का?"

मी हो म्हणालो आणि ते खरं होतं. पण त्या दुपारी माजघरात आत्या गेली होती, तिचा मुलगा दोनदा गेला होता, काकू स्वतः गेली होती. मीही गेलो होतो, लाडू चोरायला. मी बोटांवर मोजलं: दिवसभरात घरात अकरा माणसं होती, त्यातली निदान सहा माजघरात जाऊन आली होती. त्यातल्या एकीबद्दलच विचारलं गेलं. विचारणाऱ्याने नॉब आधीच फिरवून ठेवला होता. मी त्या पट्ट्यात बसणारा एक स्वच्छ, खरा सिग्नल दिला.

तेव्हापासून मला एक प्रश्न सतावतो, आणि तो आठ वर्षांच्या मुलाला दोष देण्याचा नाही. प्रश्न असा: खरं बोलून माणूस एखाद्यावर अन्याय करू शकतो का? शाळेत खरं बोलणं हा शेवट असतो, तिथे बक्षीस मिळतं. पण खरं हे नेहमी कशाचं तरी उत्तर असतं. प्रश्नच तिरका असेल तर सरळ उत्तर त्याच तिरक्या दिशेला जाऊन पडतं. प्रश्न कोण विचारतो, कोणाबद्दल विचारतो आणि कोणाबद्दल कधीच विचारत नाही, यात निम्मा निकाल लागलेला असतो. कामावर मी हे रोज बघतो. फसवणूक पकडणारी प्रणाली बनवताना ज्यांच्यावर आधी जास्त लक्ष ठेवलं त्यांच्यातच जास्त फसवणूक 'सापडते', मग लक्ष आणखी वाढतं. तिथे आम्ही याला डेटामधला दोष म्हणतो आणि मीटिंग लावतो. घरात याला अनुभव म्हणतात.

बाबांचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी इथे नीट मांडायला हवं. "तिला कोणी चोर म्हटलं नाही. पोलिसांत दिलं नाही. कामाला बोलावणं न बोलावणं हा घराचा हक्क आहे. शिक्षा कुठे झाली?" शंभर अपराधी सुटले तरी चालतील पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे आपण सिनेमातल्या कोर्टात इतकं ऐकलंय की पाठ झालंय. पण ते वाक्य कोर्टाला लागू आहे, कारण कोर्टाला शिक्षेचं नाव घ्यावं लागतं, कारण लिहावं लागतं, अपील असतं. घराला यातलं काहीच करावं लागत नाही. माझं मत असं झालंय की न बोलण्यात दया नव्हती. उघड चोर म्हटलं असतं तर मावशीला "नाही" म्हणायची जागा मिळाली असती. आरोपच न केल्यामुळे तिच्याकडे नाकारायलाही काही उरलं नाही.

पूर्वी आपल्याकडे दिव्य करायला लावत. मराठेशाहीतल्या कागदपत्रांत रवा दिव्याचे उल्लेख आहेत: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात भाजला नाही तर माणूस खरा. चोरीच्या संशयासाठी धर्मशास्त्रात तांदूळ चावायला लावण्याचं दिव्य सांगितलंय. हे ऐकून आपण शहारतो. पण दिव्यात निदान एक कबुली होती की तू खरी ठरू शकतेस. आमच्या घरातल्या संशयात ती वाटच नव्हती. याचा पुरावा मला त्याच रात्री सुचला, वीस वर्षं उशिरा: चोराला एकच पाटली कशाला हवी? दोन्ही एकत्र होत्या. मी उत्साहाने काकूला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "अरे, एकच घेतली की संशय येत नाही, म्हणून." म्हणजे दोन गेल्या असत्या तर चोरी, एक गेली तर हुशार चोरी. कुठलाही सिग्नल आला तरी दिवा तिथेच लागणार. असं यंत्र मी बनवलं असतं तर फेकून दिलं असतं.

आणि आता माझ्याबद्दल. मी तो डिटेक्टर का बनवला होता? पाटली सापडली की ती घेऊन वरच्या वाडीत जायचं, मावशीसमोर ठेवायची, सांगायचं, बघ, तू निर्दोष आहेस. डोळ्यांत पाणी वगैरे. हे दृश्य मी मनात बऱ्याचदा बघितलं होतं. त्यातला घोटाळा मला एकविसाव्या आळ्यानंतर कळला. ते दृश्य पाटलीवर अवलंबून होतं. म्हणजे मीसुद्धा तिच्याकडून पुरावाच मागत होतो, फक्त तो खणून काढायचे कष्ट मी घेणार होतो. सापडली तर माफी, नाही सापडली तर पुण्याला परत. यंत्र गप्प राहिलं याचा अर्थ पाटली तिथे नाही एवढाही धड निघत नाही. ती खोल असेल, जमिनीच्या आवाजाखाली दबली असेल, मी नॉब जास्त फिरवला असेल. आणि समजा, तिने घेतलीच असेल तर? हाही विचार मी टाळला नाही. तरीही मी सांगितलेलं अर्धंच होतं, हे बदलत नाही. ते दुरुस्त करायला मला सोन्याची काय गरज?

आई म्हणाली, "सापडली नाही ना? मग जुनं कशाला उकरतोस? तिलाही त्रास, आपल्यालाही." हे मला पटलं नाही असं नाही. माफी मागून मन माझं हलकं होणार होतं. तिचं होईल याची खात्री नव्हती. मी तरी गेलो, तिसऱ्या दिवशी दुपारी. हे बरोबर केलं का, मला अजून नक्की माहीत नाही.

वरच्या वाडीत घर बदललंय, चिरेबंदी झालंय, वर पत्रा. मावशी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मला ओळखायला तिला दोन क्षण लागले. लहानपणी मी तिला 'तू' म्हणायचो. त्या दिवशी तोंडातून "मावशी, कशा आहात तुम्ही" असं निघालं. ती जराशी हसली. ते हसू मला फारसं आवडलं नाही. 'तुम्ही'ने मी आदर दाखवला होता आणि अंतरही.

मी सांगितलं. पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, की त्या दिवशी काकूने तुझ्याबद्दल विचारलं आणि मी हो म्हणालो, आणि माजघरात आणखी पाच जण गेले होते, मी पण गेलो होतो, ते मी सांगितलं नाही.

ती आमसुलं पसरतच होती. म्हणाली, "तुला कोनी इचारलान नाय तं तू काय सांगनार?" मग थोड्या वेळाने, "तुज्या आजीन मला कदी चोर म्हटलान नाय. म्हटलान असतान तं मी दोन सबूद बोलले असते."

मी बाबांना जे पटवू शकलो नव्हतो ते तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि आत जाऊन कोकम सरबत घेऊन आली.

मग तिचं लक्ष गाडीकडे गेलं. यंत्राबद्दल विचारलं. मी सांगितलं, सोनं कसं ओळखतं, लोखंड कसं गाळतं. ती म्हणाली, "लोखंड नाय दाखवत? मग काय उपयोग. माजी कोयती हरवली हाय गेल्या कापनीला." मी यंत्र काढलं. लोखंडाचा नॉब पूर्ण उलटा फिरवला, शून्यावर. तसं ते मी घरी बनवल्यापासून कधीच ठेवलं नव्हतं. घरामागच्या मळीत पाऊल टाकताच यंत्र बोंबलायला लागलं. खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे, नांगराच्या फाळाचा शेंडा. अर्ध्या तासाने गडग्याच्या कडेला कोयती सापडली. मूठ वाळवीने खाल्लेली, पातं गंजलेलं. तिने ते दगडावर आपटून बघितलं आणि ठेवून दिलं.

"पाटली कुठं शोदलास?" तिने विचारलं. मी सांगितलं: न्हाणीची राख, माडांची आळी, एकवीस झाली, चार राहिली.

ती माझ्याकडे बघत राहिली. "आरं, गनपतीत पाऊस असतो. पावसात राख घेऊन आगरात कोन जाईल? पावसात राख गोठ्यामागं. मीच टाकायचे ना."

राख कुठे जाते हे माहीत असलेलं आमच्या घरात ते एकच माणूस होतं. २००४ मध्ये, आणि नंतरच्या वीस वर्षांत, तिला हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा पुण्यात बसून राखेचा मार्ग स्वतःच कल्पनेने आखला होता.

संध्याकाळी ती माझ्यासोबत खाली आली. आमच्या बेड्यातून आत येताना जरा थांबली, मग आली. आई बाहेर येऊन "बस गं" म्हणाली, ती पडवीच्या कडेला बसली नाही, सरळ मागे गेली आणि बोटाने जागा दाखवली. गोठा २०११ मध्ये काढला. त्या जागी पाहुण्यांसाठी संडास-बाथरूम बांधलंय, खाली सळ्या घालून काँक्रीट ओतलंय. मी तरी कॉइल फिरवून बघितली. भिंतीपासून भिंतीपर्यंत एकसारखा आवाज. सळ्यांच्या जाळीखालचं माझ्या यंत्राला काही कळणार नाही. कपॅसिटर कितीही बदलले तरी नाही.

"फोडायला लागंल," मावशी म्हणाली.

आईने चहा टाकला. मी रात्री बाबांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, टाइल्स नवीन आहेत. दिवाळीला सगळे येतील तेव्हा बोलू असं ठरलं. दिवाळीला काका-काकू आले नाहीत.